वाळूला उजेड लागू नये म्हणून

यवतमाळ जिल्ह्यात जाऊन आलो असं सांगितलं की लोक विचारतात, कळंबचा चिंतामणी पाहिला का, टिपेश्वरला वाघ दिसला का. मी दोन्ही ठिकाणी गेलो नाही. मी नदीकाठची एक दरड पाहिली. जवळजवळ आठवडाभर तीच पाहिली, आणि मधला एक दिवस पोलीस ठाण्यात आणि एका फोटो स्टुडिओत गेला. ज्यांना तिकडे जायचं असेल त्यांनी वाघ पाहावा. दरड आता तशी राहिलेली नाही.

नद्यांनी पूर्वी काय काय आणून टाकलं ते पाहायचं आणि त्यावरून त्या काळचा पाऊस, पूर, दुष्काळ ओळखायचे, हा माझ्या संशोधनाचा विषय आहे. मी माण तालुक्यातला. वडील रस्त्याच्या कामावर मुकादम होते. त्यांनी जन्मभर मुरूम आणि खडी पसरली. मुलगा तेच खणून पिशवीत भरतो आणि त्याबद्दल सरकार त्याला शिष्यवृत्ती देतं, हे त्यांना अजून पुरतं पटलेलं नाही. मलाही काही वेळा पटत नाही, म्हणून काम नीट करतो.

नेर

नेरला सकाळी उतरलो. माघ लागायचा होता, हवेत चांगली थंडी होती. कापसाने भरलेली वाहनं बाजाराकडे चालली होती. ती इतकी फुगलेली असतात की रस्त्याकडेच्या बाभळींना घासून जातात, त्यामुळे प्रत्येक बाभळीला कापूस लोंबत होता. आमच्याकडे बाभळीला कडब्याच्या काड्या अडकतात.

स्टँडसमोरच्या हॉटेलात पोहे मागवले. इथे पोह्यांवर तर्री ओततात, म्हणजे हरभऱ्याचा तिखट रस्सा. हॉटेलवाल्याने विचारलं, "सांबार टाकू का जी?"

मी म्हणालो, "नको. पोह्यांवर सांबार मला चालत नाही."

त्याने हातातली कोथिंबीर परत टोपलीत ठेवली. ज्यांच्या शेतात माझं काम होतं ते देवरावकाका मला न्यायला आले होते आणि शेजारीच चहा पीत होते. त्यांनी ते ऐकलं आणि मनात ठेवलं. त्यामुळे पुढचे काही दिवस मला वऱ्हाडातलं सगळं जेवण कोथिंबिरीशिवाय मिळालं. शेवटी एकदा वत्सलाकाकूंनी, म्हणजे देवरावकाकांच्या घरच्यांनी, कोथिंबिरीची जुडी माझ्यासमोर धरून काळजीने विचारलं, "सर, सांबारानं काय होते तुमाले? अंगावर उठते का?" तेव्हा उलगडा झाला. तिकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात.

देवरावकाकांच्या मोटारसायकलवर मागे बसलो. हातात लोखंडी नळ्यांची पिशवी आणि पाठीवर घरून आणलेली घोंगडी होती. दोन्हीकडे कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, काही शेतांत तुरी कापून ढीग लावले होते. गावाचं नाव मी देत नाही, कारण पुढे पोलीस येतात. बेंबळा नदीच्या काठी आहे एवढं पुरे.

दरड

देवरावकाकांचं शेत जिथे संपतं तिथे नदीने काठ उभा कापला आहे. खाली उभं राहिलं की वर दोन-तीन माणसांच्या उंचीची माती भिंतीसारखी दिसते. ती एकसारखी नाही. तळाशी गोटे आणि चुनखडीचे खडे आहेत. पाऊस कमी झालेल्या, कोरड्या काळात असे चुन्याचे खडे मातीत तयार होतात. त्यावर पिवळट गाळ, नंतर पुन्हा गोटे, मग वरवर काळी होत गेलेली माती. हे सगळं मी पुस्तकात पाहिलं होतं. प्रत्यक्षात पाहिलं तेव्हा हात लावून खात्री केली.

वरच्या काळ्या मातीच्या थोडंसं खाली वाळूचा एक पातळ थर होता. पिवळसर, बोटभर जाडीचा, काही ठिकाणी वीतभर. दरडीत तो एकाच जागी चांगला दिसत होता, बाजूला नदीने कापून नेला होता. मी त्याच्यासाठीच आलो होतो. अशी वाळू इतक्या वर मोठा पूरच आणून टाकतो.

आता गावाचं म्हणणं सांगतो. मध्ये एका पावसाळ्यात नदी गावात शिरली. खालच्या आळीतली घरं गेली. त्यानंतर काठाला संरक्षक भिंत मंजूर झाली. भिंतीची उंची त्या पुरापेक्षा थोडी जास्त धरली होती आणि इंजिनीयरने खालच्या आळीतल्या कडुनिंबाच्या खोडावर लाल रंगाने तशी खूण केली होती. माझ्या वाळूचा थर त्या खुणेच्या वर होता. माणसाच्या छातीएवढा वर.

याचे दोन अर्थ होऊ शकतात. वाळू फार जुनी असेल, तर त्या काळी नदीचा तळच वर होता. नंतर नदी खोल गेली आणि वाळू वर राहिली. मग काळजीचं काही नाही. पण वाळू अलीकडची असेल, गाव वसल्यानंतरची, तर नदी आजच्याच तळातून तिथपर्यंत चढली होती. म्हणजे पुन्हा चढू शकते, आणि भिंतीवरून चढू शकते. सगळं वाळूच्या वयावर होतं. सोमवारी जेसीबी येऊन पायासाठी दरड तासणार होता, म्हणजे वाळू त्याआधी घ्यायला हवी होती.

वाळूचं वय काढायची रीत अशी. वाळूच्या कणाला ऊन लागलं की त्याची पाटी कोरी होते. मग तो गाडला गेला, अंधारात पडला, की आजूबाजूच्या मातीतून त्याच्यावर थोडं थोडं काही साठत जातं. प्रयोगशाळेत त्याला मोजून उजेड दाखवला की साठलेलं बाहेर पडतं, आणि किती साठलं होतं त्यावरून किती काळ अंधारात होता ते कळतं. अट एकच आहे. दरडीतून काढल्यापासून प्रयोगशाळेपर्यंत त्याला ऊन दिसता कामा नये. एकदा जरी दिसलं तरी पाटी पुसली गेली.

म्हणून लोखंडी नळी घणाने दरडीत ठोकायची, काळ्या कापडाखाली बाहेर काढायची, दोन्ही तोंडं बंद करायची आणि काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायची. सगळे ताडपत्री वापरतात. माझ्याकडे घोंगडी होती. आमच्याकडची घोंगडी अंगावर घेतली की दुपारीही काही दिसत नाही.

आतलं

कामाला सुरुवात करण्याआधी मी दरडीच्या पायथ्याशी नारळ फोडला. आमच्याकडे विहीर खणा नाहीतर घराचा पाया, आधी नारळ फोडतात. इथे नदी परकी, शेत परकं, म्हणून थोडं हळदकुंकूही वाहिलं. देवरावकाका पाहत होते. त्यांनी खोबरं घेतलं.

मग मी घण घातला. आवाज नदीभर घुमला आणि माणसं जमली. सगळ्यांत पुढे शामराव होते. साठीच्या पुढचे, पांढरी टोपी, गावातल्या प्रत्येक कामाशी आपला संबंध आहे असं धरून चालणारे.

"काय काढून राह्यले जी?" त्यांनी विचारलं.

"वाळू."

"वाळू तं नदीत लय हाय. मंग इथं कायले खोदता?"

"ही जुनी आहे. आणि हिला उजेड लागला की उपयोग नाही."

शामरावांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "उजेड लागला की गायब होते?"

"वाळू राहते. आतलं जातं."

"आतलं," शामराव म्हणाले आणि गावाकडे गेले.

माझी अडचण अशी झाली की दरडीला लागूनच गावाची जुनी पांढरी आहे. पूर्वी गाव जिथे होतं ती उंचवट्याची जागा. तिथे पावसाळ्यात खापरं उघडी पडतात, आणि कोणाच्या तरी आजोबांना एकदा नाणं सापडलं होतं. त्या पांढरीशेजारी परगावचा माणूस हळदकुंकू वाहून, नारळ फोडून, काळी घोंगडी पांघरून लोखंड ठोकतो आणि आतलं उजेडात आणत नाही. याला त्या भागात एक सरळ शब्द आहे, गुप्तधन. तो शब्द मला सोडून सगळ्यांना सुचला होता.

नळी पूर्ण आत गेली. मी घोंगडीखाली शिरून ती काढली, तोंडं बंद केली, गुंडाळली. बाहेर आलो तर समोर दोन पोलीस उभे होते.

ठाणं

ठाण्याच्या प्रमुखाला तिकडे ठाणेदार म्हणतात. आमच्याकडे फौजदार. हे ठाणेदार मध्यम वयाचे, सर्दी झालेले, शांत गृहस्थ होते. मला खुर्ची दिली, चहा दिला. नळी टेबलावर होती. शामराव भिंतीशी बाकावर बसले होते आणि त्यांनी नळीवरून नजर काढली नव्हती.

मी विद्यापीठाचं पत्र दिलं. ते इंग्रजीत होतं. ठाणेदारांनी ते सावकाश वाचलं आणि पेपरवेटखाली ठेवलं.

"आज अमावस्या आहे, माहीत होतं?"

"नाही साहेब."

"घोंगडी काळी कशाला?"

"काळीच मिळते."

"आणि नारळ?"

"आमच्याकडे फोडतात."

"सायन्सवाले नारळ फोडतात?"

"आमच्याकडचे फोडतात."

ठाणेदारांनी नाक पुसलं. "ठीक आहे. उघडा नळी. माती निघाली की तुम्ही मोकळे."

"इथे उघडता येणार नाही साहेब. ऊन लागलं की संपलं."

"पाह्यलं?" शामराव बाकावरून म्हणाले. "मी काय सांगतलं? हेच म्हन्ते तो सकाळपासून."

"तुमचं म्हणणं काय आहे, शामराव?"

"माह्यं काई म्हननं नाई. सोनं असंन तं गावाचं हाय. माती असंन तं यायची. पन आमाले दिसलं पाह्यजे."

हे म्हणणं मला चुकीचं वाटलं नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. तेवढ्यात देवरावकाकांचा फोन आला. आम्ही निघाल्यावर गावातल्या पोरांनी दरडीत उरलेलं शोधायला सुरुवात केली होती. "कदम सर," काका म्हणाले, "तुमचं भोक त्यायनं पुरं मोठं केलं. आता त्यात बकरी बसते." वाळूचा तेवढाच तुकडा उरला होता, तो सगळा खणून बाहेर पडला होता आणि उन्हात वाळत होता. म्हणजे त्या थराची अंधारातली वाळू जगात आता एवढीच होती, ठाणेदारांच्या टेबलावर, स्टॅपलरशेजारी.

मी उठून उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. भिंतीची खूण, तिच्यावरचा थर, दोन अर्थ. उजेडात उघडली तर भिंत पुरेल की नाही हे कोणालाच कळणार नाही, हेही सांगितलं. माझा आवाज थोडा चढला असावा, कारण हवालदार दारात येऊन उभे राहिले.

शामराव म्हणाले, "बोलते बराबर. पन न पाह्यता कसं?"

"न बघता मी पंचनाम्यात काय लिहू?" ठाणेदार म्हणाले. "बंद नळी आढळली, आत काय ते सूर्याला माहीत?"

मग मला सुचलं ते मी बोललो. आमच्या प्रयोगशाळेतही नळी कोणीतरी उघडतंच. मंद लाल दिव्यात उघडतात. लाल उजेडाने वाळूला फारसा धक्का लागत नाही. पण त्यासाठी पूर्ण बंद खोली हवी आणि तसा दिवा हवा.

"लॉकप?" ठाणेदारांनी विचारलं.

"लॉकपले झरोका हाये साहेब," हवालदार म्हणाले. मग त्यांना आठवलं, "मोबीनभाईचा स्टुडिओ हाये ना. माह्या लग्नाचे फोटो तथंच धुतले होते. लाल लाईटची खोली हाये त्याची."

लाल दिवा

मोबीनभाईंचा स्टुडिओ बाजारातल्या गल्लीत आहे. पुढे पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स, मागे घर, आणि मधे ती खोली. खोली त्यांच्या वडिलांनी बांधलेली. दाराला दार, मधे काळा पडदा, खिडकीला काळा रंग. फिल्मचं काम बंद झाल्यापासून तिथे कोणी काही धुतलं नव्हतं. आत लोणच्याच्या बरण्या आणि लग्नाच्या जुन्या अल्बमांची पोती होती.

मोबीनभाई हे जाडजूड, मेंदी लावलेल्या दाढीचे गृहस्थ. आमचं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला. "कागद हाय का फिल्म?"

"वाळू," मी म्हणालो.

"वाळूवर फोटो येते?"

"फोटो नाही. पण उजेड लागला की खराब होते."

"मंग एकच झालं," ते म्हणाले आणि बरण्या बाहेर काढायला लागले.

खोली रिकामी करून त्यांनी लाल बल्ब लावला. तो लागला, याचं त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. मग ते दारात उभे राहिले आणि एकेकाला तपासून आत सोडू लागले.

"साहेब, पहिले घड्याळ काढा. काट्यायले रेडियम हाये."

ठाणेदारांनी घड्याळ काढून दिलं.

"मोबाईल बाहेर."

"मोबाईल आत पाहिजे," ठाणेदार म्हणाले. "जप्तीचा व्हिडिओ काढावा लागतो आता. कायदा आहे."

"अंधारात व्हिडिओ?"

"कायद्यात उजेडाचं काही लिहिलेलं नाही."

थोडी चर्चा झाली. शेवटी हवालदारांचा मोबाईल माझ्या घोंगडीत गुंडाळला, फक्त कॅमेऱ्याचा डोळा बाहेर ठेवला, आणि हवालदार तो तान्ह्या मुलासारखा धरून कोपऱ्यात उभे राहिले. आत पाच माणसं आणि एक टेबल, एवढ्यात खोली भरली. जुन्या औषधाचा आणि लोणच्याचा मिळून वास येत होता. मोबीनभाईंनी दोन्ही दारं लावली, पडदा ओढला, बल्बवर आणखी एक लाल कागद गुंडाळला. आम्हा सगळ्यांची एकमेकांना फक्त नाकं आणि कपाळं दिसत होती.

मी नळीचं तोंड उघडलं. शामराव पुढे झुकले. त्यांनी बोट आत घातलं, बाहेर काढलं, चोळलं, वास घेतला.

"काय आहे?" ठाणेदार म्हणाले. "व्हिडिओसाठी बोला."

"माती हाये," शामराव म्हणाले. मग थोड्या वेळाने, "इथवर तं माती हाये. खालचं पाह्याचं राह्यलं."

तोंडाजवळची वाळू तशीही टाकून द्यायची असते, ठोकताना तिला उजेड लागलेला असतो. कामाची वाळू मधली. ठाणेदारांनी मोबीनभाईंकडून सायकलची तार मागवून घेतली होती. ती त्यांनी नळीत हळूच घातली. तार थोडी आत गेली आणि थांबली. टक् असा आवाज आला.

सगळ्यांची डोकी नळीवर एकत्र आली.

"हाये," शामराव हळू आवाजात म्हणाले.

ठाणेदारांनी पुन्हा तार दाबली. पुन्हा टक्. "कदम, हे काय?"

"चुन्याचा खडा असेल साहेब."

"असेल?"

"असेल."

"काढावा लागेल."

काढायचा म्हणजे सगळी नळी रिकामी करायची. तशीच टेबलावर ओतली असती तर उजेड लागलेली वाळू मधल्या वाळूत मिसळली असती, आणि मग दारं बंद ठेवून उपयोग नव्हता. मी म्हणालो, ओतू नका, मी काढतो. प्रयोगशाळेत काढतो तसंच काढतो, तुम्ही पाहा. आधी या तोंडाची वाळू चमच्याने खरवडून एका कागदावर घेतली, मग त्या तोंडाची दुसऱ्या कागदावर. मग मधली वाळू थोडी थोडी करून काळ्या पिशवीत. प्रत्येक चमचा शामराव डोळ्यांजवळ नेऊन पाहत होते आणि मान हलवत होते.

मधोमध खडा लागला. मी तो शामरावांच्या तळहातावर ठेवला. लिंबाएवढा, खडबडीत. त्यांनी तो दातांखाली धरला.

नेमक्या त्याच वेळी बाहेरच्या दाराची कडी वाजली. "सुनो, चाय लाई हूं." मोबीनभाईंच्या घरच्या होत्या.

पिशवीचं तोंड माझ्या हातात उघडं होतं. मी ती छातीशी धरली आणि तिच्यावर वाकलो. ठाणेदारांनी नकळत स्वतःची टोपी माझ्या हातांवर ठेवली.

मोबीनभाई जागचे हललेसुद्धा नाहीत. "डरो मत," ते म्हणाले. "नहीं खोलेगी." बाहेर कपबश्या जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला आणि पावलं परत गेली. ते मला म्हणाले, "अब्बा होते तवा एक डाव तिनं दार उघडलं होतं. नवीन नवरी होती. एका बारातीचे समदे फोटो काळे झाले. अब्बा रागावले नाईत. दुसऱ्या दिवशी त्या घरी दोघं गेले, माफी मागाले. तवापासून ती या दाराले हात नाई लावत."

मी पिशवी बांधली. तिच्यावर दुसरी बांधली. तिच्यावर तिसरी.

"खडा माह्याजवळ ठेवतो," शामराव म्हणाले. "गावाले दाखवाले."

ठाणेदार म्हणाले, "घोंगडी बंद करा." हवालदारांनी मोबाईल बंद केला. पुढे ठाण्यात तो व्हिडिओ लावून पाहिला तेव्हा त्यात तांबूस काळोख होता आणि शामरावांचा आवाज होता, माती हाये. ठाणेदारांनी तो पूर्ण पाहिला आणि म्हणाले, स्पष्ट आहे.

चहा बाहेर निवत होता. आम्ही उन्हात उभे राहून प्यायलो. कोणालाच नीट डोळे उघडता येत नव्हते.

रविवार

राहिलेला काळ मी खालचे थर गोळा करत होतो. आता माणसं पांगून उभी राहत. घोंगडीचं एक टोक शामराव स्वतः धरत. कोणी वाकून पाहायला लागलं की ते म्हणत, "सावली दे बे, बाप्पा. ते तुह्या कामाचं नाई." दुपारी वत्सलाकाकू शेतातच जेवण आणत. तुरीच्या ओल्या दाण्यांची, म्हणजे सोल्यांची आमटी आणि गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे. आमच्याकडे तूर म्हणजे वाळलेली डाळ, ओल्या दाण्यांची आमटी करत नाहीत. आमटीवर आता कोथिंबीर भरपूर असायची, मागची भरपाई म्हणून.

शामरावांनी खडा खिशात ठेवला होता. पारावर तो सगळ्यांनी पाहिला होता. काही लोकांचं म्हणणं, सोनं होतं पण उजेडाने दगड झालं. शामरावांना ते पटत नव्हतं. "मी दाताखाली घेतला तवा अंधारच होता," ते म्हणायचे.

रविवारी दुपारी शेवटची नळी निघाली. शामराव दरडीसमोर बसले होते.

"सर, खरं सांगा. तुमाले काय वाटते? तरुण का म्हातारी?"

"सांगता येत नाही काका. मोजल्याशिवाय कळत नाही."

"अंदाज?"

"अंदाज करायचा नाही असं आम्हाला शिकवलंय."

"मंग शिकवलं काय?" ते म्हणाले.

सोमवारी सकाळी मी मोटारसायकलवर मागे बसलो तेव्हा जेसीबी दरडीला लागला होता. पिवळा थर, काळा थर, खापरं, सगळं एकाच ट्रॉलीत पडत होतं. पिशव्या माझ्या मांडीवर होत्या. माझी घोंगडी मी त्यांच्यावर घातली होती, त्यामुळे नेरपर्यंत थंडी मला लागली.

फोन

प्रयोगशाळेत नंबर लागायला पावसाळा उलटून गेला. त्या पिशवीला उजेड लागला असता तर वाळूचे कण एकमेकांशी न जुळणारं काहीतरी सांगू लागले असते. तसं झालं नाही. कण जवळजवळ एकच उत्तर देत होते. मार्गदर्शक बाईंनी दोनदा तपासायला लावलं. आम्ही दोनदा तपासलं. आकडा इथे लिहीत नाही, त्यावर अजून काम चालू आहे. पण वाळू म्हातारी नव्हती. पांढरीतल्या वरच्या खापरांपेक्षा ती तरुण होती.

त्याच दिवशी शामरावांना फोन लावला. मागे कसली तरी मोठी घरघर चालू होती, त्यामुळे ते ओरडून बोलत होते.

"बोला सर. भिंतीवरच उभा हाये मी. पाया भरला, आता वरचं चालू हाये."

"काका, वाळू तरुण निघाली."

"म्हंजे?"

"म्हणजे गाव वसल्यानंतर पूर तिथपर्यंत आला होता. त्या थराच्या उंचीपर्यंत."

घरघर ऐकू येत होती. "खुणेच्या वर."

"हो. छातीभर वर."

"अन् भिंत खुणेएवढीच."

"हो."

"थांबा," ते म्हणाले. फोन कानापासून दूर गेला. मग त्यांचा आवाज लांबून आला, "अबे, मिक्सर बंद कर. बंद कर म्हन्तो ना."

घरघर थांबली. नदीचा आवाज ऐकू यायला लागला. शामराव परत फोनवर आले.

"हं," ते म्हणाले. "आता बोला. इंजिनीयर साहेब इथंच हायेत, त्यायच्या हातात देतो फोन. त्यायले पयलेपासून सांगा. अन् मराठीत सांगा."